कुंडलिकाच्या वाटणीची खरवड

कुंडलिकाला भुवया होत्या, हे त्याच्या बायकोखेरीज फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दसरा झाला की तो गुऱ्हाळावर जायचा, चुलवणाच्या तोंडाशी बसायचा आणि चार दिवसांत त्या भुवया जळून जायच्या. पापण्यांचीही तीच गत. मग शिमगा उलटून, ऊस संपून तो सुप्याला घरी परतला की पावसाळ्यात त्या हळूहळू उगवायच्या, भादव्यात जरा दाट व्हायच्या, आणि सारजा म्हणायची, आता कुठं माणसासारखे दिसायला लागलात. तेवढ्यात दसरा यायचा आणि कुंडलिक घोंगडी खांद्यावर टाकून पुन्हा कालव्याच्या पट्ट्यात निघायचा.

नीरेच्या कालव्याचं पाणी आलं तसा बारामतीकडे ऊस वाढला आणि उसाच्या मागोमाग गुऱ्हाळं आली. सुपं मात्र कोरडं ते कोरडंच राहिलं. तिथल्या ज्यांना स्वतःचं रान नव्हतं ती माणसं हंगामात पोटासाठी कालव्यावर उतरायची. कुणी ऊस तोडायचा, कुणी चरकाचे बैल हाकायचा. कुंडलिक जाळ घालायचा. पणदऱ्याला सर्जेरावांच्या मळ्यातलं गुऱ्हाळ त्याने मिसरूड फुटायच्या वयात धरलं ते कानावरचे केस पांढरे होईपर्यंत सोडलं नाही.

ज्याने नुसता गूळ खाल्ला आहे त्याला जाळ घालणं म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. वर भली मोठी काहील, तिच्यात रस रटरटतोय, भोवती माणसांची वर्दळ, आल्यागेल्याच्या हातात रसाचा तांब्या. आणि खाली माणूसभर खोल खड्ड्यात, चुलवणाच्या तोंडासमोर, कुंडलिक एकटा. चरकातून पिळून निघालेली उसाची चिपाडं उन्हात वाळवून त्याच्या पाठीशी रचलेली असायची. ज्या उसाचा रस वर, त्याच उसाचं सरपण खाली. बाहेरून काडी आणायला नको. पण वाळलेलं चिपाड भडकतं तसंच विझतं, म्हणून हाताला विसावा नाही. थोडं थोडं सारत राहायचं. जास्त सारलं तर रस उतू जातो, कमी सारलं तर पाक रेंगाळतो आणि गूळ काळा पडतो. मळी काढताना जाळ हलका हवा, नंतर चढता हवा, आणि शेवटी शेवटी मध्येच एखादं ओलसर चिपाड घालून भडका दाबून धरावा लागतो. हे सगळं काहिलीत न डोकावता. कुंडलिकाला काहिलीचं फक्त काळं बूड दिसायचं.

वरचा राजा म्हणजे दत्तोबा गुळव्या. पांढरं धोतर, कानात भिकबाळी, आणि गुऱ्हाळाच्या मालकालाही दरडावणारा आवाज. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत धरायचा आणि मान मागे टाकून हाळी द्यायचा, ओढ जाळ! त्यासरशी कुंडलिकाने लांब आकड्याने चुलवणातला सगळा जाळ बाहेर ओढायचा. एवढ्या हाळीवर गूळ सोन्यासारखा उतरायचा, आणि बारामतीच्या पेठेत अडते ढेप हातात घेऊन विचारायचे, दत्तोबाचा का?

यात एक गोष्ट होती आणि ती दोघांनाच ठाऊक होती. पाक होत आला की त्याचा वास बदलतो. आधी हिरवट असतो, मग गोडसर, आणि अगदी शेवटी भाजक्या शेंगदाण्यासारखा एक खमंग वास येतो, आला म्हणेपर्यंत जातो. तो नाकात शिरला की कुंडलिकाचा हात आपोआप थांबायचा. चिपाड हातातल्या हातात, डोळे अर्धे मिटलेले, मान जरा वर, असा तो हाळीची वाट बघत राहायचा. हाळी यायची ती त्यानंतर. कारण खालचा जाळ धगधगायचा थांबला की दत्तोबाचा हात गार पाण्याच्या भांड्याकडे जायचा. इतक्या वर्षांत दत्तोबाने हे कधी कबूल केलं नाही आणि कुंडलिकाने कधी विचारलं नाही. हंगाम संपला की सर्जेराव दत्तोबाला पटका बांधायचे आणि कुंडलिकाच्या हातावर नारळ ठेवायचे.

नारळापलीकडे कुंडलिकाचा एकच मान होता. काहील उतरली की बुडाला चिकटून राहिलेली खरवड जाळावरच्या माणसाची. ती कुणी मागायची नाही, कुणी घ्यायची नाही. पण दत्तोबाचा हात असा निपटून घेणारा, की खरवडीच्या नावाने नखभर पापुद्रा उरला तरी नशीब. कुंडलिक तो पापुद्रा जिभेवर ठेवायचा आणि दत्तोबाला मनातल्या मनात एक शिवी हासडायचा. दोघांचं सख्य ते एवढंच, आणि एवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं.

सारजाने मात्र आयुष्य काढलं ते वाट बघण्यात. लग्न होऊन आली तेव्हा तिला सांगितलं होतं, नवरा हंगामापुरता बाहेर असतो. हंगाम अर्ध्या वर्षाचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. सुप्याच्या त्या घरात सासू-सासऱ्यांचं केलं, दोघांना पोचवलं, आणि मग ती भिंतींशी बोलायला लागली. मूल झालं नाही. बाया त्यावरून टोचायच्या तेव्हा ती म्हणायची, आमच्या मालकांना इचारा, चुलवणात एखादं सापडतंय का. असं बोलून बायांना हसवायची आणि घरी येऊन पदरात तोंड घालून बसायची.

मग गुळाचा भाव पडला. पडला तो उठेचना. त्याच सुमाराला इंदापूरच्या बाजूला माळावर साखरेचा कारखाना उभा राहिला आणि लोक उसाच्या गाड्या तिकडे हाकायला लागले. सर्जेरावांनी एक वर्ष कळ काढली आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्याही गाड्या कारखान्याकडे वळल्या. चरक विकला. चुलवण पावसात खचलं, खड्ड्यात पाणी साचलं, आणि ज्या जागी कुंडलिक बसायचा तिथे बेडकं बसली.

कुंडलिकाचं नशीब म्हणायचं तर कारखान्याला जाळाची सवय असलेली माणसं हवी होती. बॉयलरवर रावजी मिस्त्री म्हणून होता, मुंबईच्या गिरणीत जन्म काढलेला. त्याने कुंडलिकाचा भुवया नसलेला चेहरा पाहिला आणि दुसरं काही विचारलं नाही.

तिथला जाळ वेगळा होता. चिपाडं नाहीत, उसाचा पार चुरा झालेला भुसा, आणि तोही ओलाच. भट्टीच्या पोटात धग एवढी की ओलंसुद्धा आत पडताच पेट घ्यायचं. त्या जाळावर पाणी उकळायचं, पाण्याची वाफ व्हायची, आणि त्या वाफेवर अख्खा कारखाना फिरायचा. वाफेचा काटा एका खुणेच्या खाली जाता कामा नये, एवढंच कुंडलिकाला सांगितलं होतं. तो पाळीभर भट्टीच्या तोंडाशी उभा राहून लोखंडी दांड्याने भुसा आत लोटायचा. त्यात अवघड काही नव्हतं. पण गुऱ्हाळात दर काहिलीला जाळाला शेवट होता. हाळी यायची, जाळ बाहेर यायचा, आणि घटकाभर पाठ टेकता यायची. इथे शेवट नव्हता. एका पाळीने दुसरीच्या हातात दांडा द्यायचा आणि जाळ आपला चालूच. आपण लोटलेल्या भुशाची साखर कुठे होते तेही त्याने कधी पाहिलं नाही. पाळी संपली की तो इतका थकलेला असायचा की चपला काढायचं जिवावर यायचं. थकवा हा आता त्याचा आजार राहिला नव्हता, स्वभाव झाला होता.

पण खोली मिळाली होती. कारखान्याच्या आवारात पत्र्याच्या चाळी होत्या, त्यातली एक खोली कुंडलिकाला दिली, आणि सुप्याच्या घराला कुलूप घालून सारजा आली. ती आली आणि तिने खोलीचं सोनं केलं. जमीन सारवली, भिंतीला चुना फासला, तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली. कारखान्याच्या भोंग्याला सगळी चाळ शिव्या द्यायची. सारजाला भोंगा म्हणजे देवळातली घंटा. भोंगा झाला की माणूस घरी येणार, हे तिला उभ्या जन्मात पहिल्यांदाच अनुभवाला येत होतं. चुलीवर भाकरी टाकायची ती भोंगा ऐकून. चाळीतल्या बायांना सांगायची, माझं लगीन आत्ता झालंय. केस पिकलेली बाई असं बोलते म्हणून बाया हसायच्या, पण ती खरंच सांगत होती.

कुंडलिकाला ते कळत होतं. रात्री त्याला झोप यायची नाही, इतकी वर्षं जाळापुढे जागून झोपेने त्याचा नादच सोडला होता. तो पडल्या पडल्या सारजाचा श्वास ऐकायचा. हिच्यासाठी ही खोली टिकली पाहिजे, एवढं तो स्वतःशी म्हणायचा आणि पहाटेच्या भोंग्याला उठायचा. नोकरी गेली तर खोली गेली, हे चाळीत सगळ्यांना तोंडपाठ होतं.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडाला दत्तोबा आला. कुंडलिकाने आधी ओळखलंच नाही. धोतर मळलेलं, भिकबाळी गेलेली, आवाज कुठे बसला होता कुणास ठाऊक. साखरेला गुळव्या लागत नाही. चांगल्या गुळव्याला तर नाहीच नाही. वर्षभर तो या मळ्यातून त्या मळ्यात हिंडला होता आणि शेवटी ज्याला आयुष्यभर खड्ड्यात बघितलं त्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. कुंडलिकाला बरं वाटलं का? क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोला. पण दत्तोबाने पाणी मागितलं ते इतक्या हळू आवाजात, की ते बरं वाटणं लगेच ओसरलं.

कुंडलिकाने रावजी मिस्त्रीजवळ शब्द टाकला. मिस्त्रीने म्हाताऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बजावलं, तुझ्या भरवशावर घेतो, याने काही केलं तर दोघंही जाल. असा दत्तोबा बॉयलरच्या पाठीमागे भुसा वाहायला लागला. निजायचा तिथेच भुशाच्या ढिगापाशी, आणि जेवायला सारजाकडे. जेवताना मान वर करायचा नाही. सारजा त्याला तात्या म्हणायची, पान वाढायची, आणि मधूनमधून जीभ चालवायची. एवढी वर्षं तिचा नवरा ज्याच्या हाळीवर नाचला तो माणूस कसा असेल म्हणून तिने बरंच काही मनात रचलं होतं, आणि समोर पाहते तर भाकरी ताकात कुस्करून खाणारा म्हातारा.

भोगीच्या आदल्या दिवशी ती अशीच बोलून गेली. तीळ निवडत बसली होती. म्हणाली, साखरेच्या डोंगरात राहतो आपण आन् घरात सणाला गुळाचा खडा न्हाय. गुळव्याला जेवाया वाढते, पर हळकुंडाएवढा गूळ काय दिसला न्हाय. तिला टोचायचं नव्हतं, हसायचं होतं. कुंडलिक हसलाही. दत्तोबा पाणी प्यायला, हात धुतले आणि जाताना म्हणाला, तुमचं पितळेचं पातेलं द्या, कल्हईवाला आलाय, करून आणतो.

दुसऱ्या दिवशी, भोगीला, कुंडलिकाची दुपारची पाळी होती. दोन बॉयलरांपैकी एक त्या दिवशी धुवायला काढला होता, त्यामुळे सगळा भार एकट्या कुंडलिकाच्या भट्टीवर. रावजी मिस्त्री काट्याजवळ उभा राहून राहून कंटाळला आणि धुण्याच्या कामाकडे वळला. ऊन कलतं झालं होतं. कुंडलिकाच्या खांद्यात नेहमीची कळ होती, दांडा पुढे जात होता, मागे येत होता, भुसा आत पडत होता. भट्टीचा घों घों आवाज चालू होता. त्याच्या मनात काही म्हणजे काहीच नव्हतं.

आणि तो वास आला.

भाजक्या शेंगदाण्यासारखा, खमंग, पाक तयार झाल्याचा. पणदऱ्याच्या खड्ड्यात यायचा तसाच. कुंडलिकाचा हात थांबला. त्याने थांबवला नाही, तो थांबला. डोळे अर्धे मिटले, मान जरा वर झाली, दांडा हातात उभा राहिला, आणि कुंडलिक हाळीची वाट बघायला लागला. अंगातली सगळी कळ कुठे गेली. आता हाळी येईल, आता जाळ ओढायचा, आता पाठ टेकायची. कारखाना, पाळी, मिस्त्री, काटा, कशाचीही त्याला आठवण राहिली नाही. इतकं स्वस्थ त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

भुशाचा जाळ वाट बघत नाही. तोंडातला घास संपला की मान टाकतो. काटा खाली आला, चरकांचा आवाज जड झाला आणि मग थांबला. रोलरमध्ये ऊस अडकून बसला. एवढा मोठा कारखाना गप्प झाल्यावर जी शांतता पसरली तिने कुंडलिक भानावर आला. समोर रावजी मिस्त्री धावत येत होता, आणि धुण्यावरची माणसं एकमेकांना सांगत होती, डोळे मिटले होते त्याचे, आम्ही पाहिलं, उभ्या उभ्या झोपला होता.

जाळ पुन्हा धरेपर्यंत आणि अडकलेला ऊस हाताने उपसेपर्यंत दिवे लागले. मग त्याला साहेबांपुढे नेलं. जाता जाता कुंडलिकाने बॉयलरच्या पाठीमागे नजर टाकली. दत्तोबा भुशाच्या ढिगाशी पाठमोरा उभा होता. पायाशी राखेच्या दारातून ओढलेले निखारे होते, घाईघाईने माती टाकून विझवलेले. ढिगात काहीतरी खुपसलेलं होतं आणि पितळेची कड चमकत होती. रसाच्या पन्हळीतून ठिबकणारा रस धरून त्याने त्या पातेल्यात गूळ केला होता. कल्हईवाला आलाच नव्हता.

साहेब पुण्याकडचे होते, वाईट माणूस नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. शांतपणे विचारलं की नेमकं काय झालं ते सांग.

कुंडलिकाला सांगायला खूप होतं. आयुष्यात जाळापुढे त्याने डोळ्याला डोळा लावला नव्हता. ताप आला तरी नाही, बाप गेला त्या रात्री नाही. झोपलो नव्हतो, हे एवढं तरी त्याला सांगायचं होतं. पण झोपला नव्हतास तर हात का थांबला, असं साहेब विचारणार. वास आला. कसला वास? कुठून आला? मग माणसं ढिगामागे जाणार, पातेलं बाहेर निघणार, आणि कारखान्याचा रस चोरला म्हणून दत्तोबा जाणार. त्याचा भरवसा दिला कुणी? म्हणजे आपणही जाणारच. खरं बोललं तर दोघं, खोटं बोललं तर एकटा. हिशोब सरळ होता. तरी तोंडातून शब्द बाहेर पडताना त्याला वाटलं की आपण स्वतःच्या तोंडात मारून घेतोय.

"डोळा लागला, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी रावजी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने मान खाली घातली. बॉयलरवर झोपणारा माणूस ठेवता येत नाही, उद्या बॉयलर फुटला तर माणसं मरतील, असं साहेब म्हणाले, आणि त्यात चूक काही नव्हतं. उद्या संक्रांत आहे, सण करा आणि दिवस मावळायच्या आत खोली सोडा. कुंडलिकाने रामराम केला आणि बाहेर आला. बाहेर जमलेल्या माणसांनी त्याला वाट करून दिली, आजारी माणसाला देतात तशी.

घरी सारजाने भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी झाकून ठेवली होती. तिला आधीच कळलं होतं. चाळीत बातमीला पाय फुटतात. ती रडली नाही. पान वाढलं आणि समोर बसली.

"माझ्या शेजारी तुमचा डोळा कवा लागत न्हाय," ती म्हणाली. "सारी रात टक्क जागं असता. मला ठावं हाय. आन् तितं लागला?"

कुंडलिक खाली बघून भाकरी मोडत राहिला. तिला सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण गुळाची गोष्ट निघाली की ती कुणाच्या तोंडून निघाली होती तेही निघणार, आणि ते तिला कळू नये असं त्याला वाटत होतं. त्यापेक्षा नवरा कामावर झोपला हे बरं. तो म्हणाला, लागला, वय झालं आता. सारजाने ताट उचललं आणि चूल सारवायला घेतली. उद्या सोडायची खोली ती का सारवत होती हे त्याने विचारलं नाही.

संक्रांतीला दुपार व्हायच्या आत बोचकी बांधून झाली होती. तुळशीचा डबा न्यायचा की ठेवायचा यावर सारजा अडली होती. तेवढ्यात दारात दत्तोबा उभा राहिला. आत ये म्हणेपर्यंत थांबला, मग आला आणि पदरासारखं धोतराच्या सोग्याखाली धरलेलं पातेलं त्याने सारजापुढे ठेवलं. आत गूळ होता, अर्धं पातेलं भरून. पिवळाधमक, रवाळ, जुन्या दत्तोबाच्या हातचा.

"सारजाबाय," तो म्हणाला, "ह्यो झोपला न्हवता. म्या पाक केला. पाक झाला आन् ह्याचा हात थांबला. माझ्या हाळीच्या आधी. पणदऱ्याला बी आधीच थांबायचा, दर खेपंला. म्या त्याच्याच हातावर गूळ काढला जन्मभर."

कुंडलिकाने हे ऐकलं. हे वाक्य सर्जेरावांच्या मळ्यात, पटका बांधायच्या वेळी, चार माणसांत ऐकायला मिळावं म्हणून एके काळी त्याने काय दिलं असतं. आता ते आलं, आणि त्याला नुसता थकवा वाटला. दत्तोबा म्हणत होता की आता जातो आणि साहेबांना सगळं सांगतो. कुंडलिकाने त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

"सांगून काय व्हतंय, तात्या? तुमी चोर ठरणार, आन् तुमचा भरवसा म्या दिला व्हता. खोली तर जायाचीच. एकाची भाकरी ऱ्हाती, ती कशाला घालवता?"

सारजा पातेल्याकडे बघत होती. तिने बोट लावून गूळ दाबून पाहिला. मग विचारलं नाही, सांगितलं, "मंजी माझ्यापायी."

दत्तोबाने डोळ्यांवर मनगट ठेवलं. कुंडलिकाला म्हणायचं होतं की तसं नाही, पण तसंच होतं. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. दत्तोबा उठला, जावं की न जावं असा घुटमळला, आणि कुंडलिकाने हातानेच जा म्हटल्यावर गेला.

मग सारजाने बांधलेल्या बोचक्यातून तवा पुन्हा बाहेर काढला. चूल पेटवली, तीळ भाजले, गूळ फोडला. गडबड न करता, दरवर्षीसारख्या छोट्या छोट्या वड्या केल्या. कुंडलिक उंबऱ्यात बसून होता. तिने ताटलीत वड्या घेतल्या, डोक्यावरून पदर सारखा केला आणि चाळीत निघाली. त्याला वाटलं होतं ती बाहेर तोंड दाखवणार नाही.

तो तिथूनच ऐकत राहिला. एकेका दारात तिचा आवाज येत होता, तिळगूळ घ्या, गोड बोला. बाया म्हणत होत्या, अगं बाई, गूळ कुठला हा असा, पिवळाजर्द? सारजा सांगत होती, गावाकडला. कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, जाताय म्हणून वाईट वाटतं हो, तेवढे जागे राहिले असते तर. जरा थांबून तिचा आवाज पुढच्या दारातून आला, तिळगूळ घ्या, गोड बोला. जिथे जिथे तिच्या नवऱ्याला झोपाळू म्हटलं गेलं होतं त्या एकूण एक दारात ती तो गूळ वाटत गेली, आणि तो कशापायी आला हे कुणालाही सांगण्याची तिला सोय नव्हती. कुंडलिकाला बॉयलरवर, साहेबांपुढे, कुठेच रडू आलं नव्हतं. ते आत्ता आलं.

ती परत आली तेव्हा ताटली रिकामी होती. ती आत गेली आणि पातेलं घेऊन बाहेर आली. गूळ काढताना तिने ते निपटलं नव्हतं. बुडाला चांगली जाड खरवड होती. उलथन्याने तिने ती सगळी खरवडली, एक कणही न ठेवता, आणि कुंडलिकासमोर बसून त्याच्या तळहातावर ठेवली. एवढी खरवड त्याच्या वाटणीला कधी आली नव्हती.

"तिळगूळ घ्या," सारजा म्हणाली.

पुढचं तिला म्हणता आलं नाही. तिने त्याची मूठ तशीच मिटवली, आणि ते पातेलं बोचक्यात बसतं का ते बघायला आत गेली.